बेडूक टम्म फुगलाय

प्रश्न : माझा छोटा आफ्रिकन पाणबेडूक चार दिवसांत टम्म फुगलाय. खात नाही. सुईनं पाणी काढू का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आधी ती सुई खाली ठेवा! ते काम पशुवैद्यांचं. नुसतं पोट कडक लागतंय का? मग खडा गिळला असेल. माझ्या मिरजेच्या घरी एकानं असाच गिळला होता. तेव्हापासून टाकीत बारीक खडे नाहीतच. पण मांड्याही फुगून कातडी ताणली असेल, तर अंगात पाणी साचलंय. मूत्रपिंड बिघडलं असेल, नाहीतर जंतुसंसर्ग. त्याला वेगळं ठेवा, चार बोटं पाण्यात. श्वासाला वर यायची दमछाक नको. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घाला. दोन दिवस खाणं बंद. आणि लगेच डॉक्टर गाठा, आठवडाभर वाट बघू नका.