टेबल बुक करण्याआधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

वडिलांची साठी नोव्हेंबरअखेर आहे. आम्ही आठजण कुलाबा किंवा नरिमन पॉइंटच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात रात्री जेवायला जायचं म्हणतोय. समुद्रावरचा सूर्यास्त दिसेल असं टेबल हवं, तिथेच औक्षण आणि केक. सोबत चौऱ्याऐंशी वर्षांची आजी असेल. काय काय आधी ठरवावं?
— एक वाचक, मुलुंड

आधी सूर्याचं बघू. नोव्हेंबरअखेर मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि बहुतेक ठिकाणी रात्रीच्या जेवणाची सुरुवात सातला होते. म्हणजे तुम्ही बसेपर्यंत बाहेर अंधार असेल. दुसरं, दिशा. गेटवेसमोरच्या हॉटेलांच्या खिडक्या बंदराकडे, पूर्वेला उघडतात. तिथून बोटी दिसतात, सूर्यास्त नाही. तो हवा असेल तर मरीन ड्राइव्ह-नरिमन पॉइंटची पश्चिमेकडची बाजू आणि संध्याकाळचा चहा, असा बेत करा. रात्रीच जेवायचं असेल तर सूर्यास्ताचा नाद सोडा. मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची माळ उंचावरून बघायला रात्रच बरी.

खिडकीलगतची टेबलं सहसा दोघा-चौघांची असतात. आठजणांचं टेबल बहुधा दालनाच्या मधोमध किंवा भिंतीकडे मिळतं. दोन टेबलं लावून खिडकी मिळवली तर कुटुंब दोन भागांत बसतं आणि साठीचा माणूस दोन्हीकडे फेऱ्या मारत राहतो. आमचं मत विचाराल तर एकच टेबल घ्या, शक्यतो गोल. लांबट टेबलाच्या एका टोकाचं बोलणं दुसऱ्या टोकाला पोचत नाही, आणि आजींना तर नाहीच.

औक्षणाचं म्हणाल तर साठ दिव्यांचं तबक घरीच. दालनात धूर ओळखणारी यंत्रणा असते, त्यामुळे उघड्या ज्योतीला बऱ्याच ठिकाणी सरळ नकार मिळतो. ठिणग्या उडवणारी मेणबत्ती तर कुणीच चालवून घेत नाही. एकच निरांजन, कापूर नाही, दोन मिनिटांचं काम, असं आधी सांगितलं तर काही ठिकाणी परवानगी मिळते. ती ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. फोनवर ‘हो’ म्हणणारा माणूस त्या रात्री ड्यूटीवर असेलच असं नाही, आणि ऐन वेळी हातात तबक घेऊन मॅनेजरशी हुज्जत घालण्यात काही शोभा नाही.

केक मुलुंडहून न्यायचा विचार असेल तर फ्रेश क्रीमचा नको. दीड तासाच्या प्रवासात त्याची कड खाली येते आणि वरची अक्षरं वाहतात. रेस्टॉरंटजवळच्या बेकरीतून दुपारी थेट तिथेच पोचता करा आणि ते फ्रीजमध्ये ठेवतील का ते विचारा. एक किलोच्या केकचे दहा-बारा तुकडे होतात. आठजणांना, तेही जेवणानंतर, अर्धा किलो पुरतो. बाहेरचा केक आणू देतात का आणि कापून वाढायचे पैसे लावतात का, हे दोन्ही विचारा. पुष्कळ ठिकाणी निमित्त कळवलं तर ताटलीवर चॉकलेटने शुभेच्छा लिहून छोटं गोड स्वतःहून देतात. तेवढ्यावर भागत असेल तर केकची यातायात नकोच.

आता आजी. टेबल सातचंच घ्या. उशिराचं, नऊ-साडेनऊचं टेबल म्हणजे त्यांच्या पानात पहिला घास दहाला. बुकिंग करताना हे विचारा: दारात पायऱ्या आहेत की रॅम्प, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, खुर्चीला हात आहेत का. खोल सोफ्यावरून म्हाताऱ्या माणसाला उठवत नाही. टेबल एसीच्या झोताखाली आणि स्पीकरजवळ नको हेही सांगा, तरी शाल घ्याच. मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरातून साधा वरण-भात किंवा दहीभात सहसा मिळतो, फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं. शेफच्या स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये ही अपेक्षा ठेवू नका. बसल्या बसल्या आजींचं सूप आधी आणायला सांगा, बाकीचे मेनू वाचत बसोत.

आणि साठी वडिलांची आहे, तर बिल त्यांच्यासमोर येऊ देऊ नका. ते कुणाच्या हातात द्यायचं हे पोचल्याबरोबर कॅप्टनला, म्हणजे वाढणाऱ्यांच्या प्रमुखाला, सांगून ठेवा.

आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील. दोघेही शाकाहारी, आई अंडंही खात नाही आणि चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो. त्यांना दहा कोर्सच्या टेस्टिंग मेनूला न्यावं का?
— एक वाचक, गिरगाव

नेता येईल. टेस्टिंग मेनू म्हणजे शेफने ठरवलेले छोटे छोटे पदार्थ, एकामागून एक येणारे. पण नुसतं ‘व्हेज’ सांगून भागत नाही. गडबड पुढच्या पदार्थांत होते: मिसो सूपच्या दाशीत (मूळ रश्शात) सुकवलेल्या माशाचे काप, थाई करीत फिश सॉस, परतलेल्या चिनी भाजीत ऑयस्टर सॉस, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासा, पानाकोटा आणि मूसमध्ये प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं जिलेटिन. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. अंडं तर ताज्या पास्त्यात, मेयोनेझमध्ये, टार्टच्या पारीत, ब्रेडवरच्या चकाकीत, कुठेही असतं. चांगल्या स्वयंपाकघराला हे सगळं ठाऊक असतं, पण ते विचारल्यावर उत्तर देतात. तेव्हा न चालणाऱ्या गोष्टी नाव घेऊन लिहून पाठवा: मांस, मासे, अंडं, जिलेटिन, प्राण्यांचं रेनेट. निदान 48 तास आधी. स्टॉक, सॉस आणि गोडाचे थर आदल्या दिवशीच तयार होतात. संध्याकाळी टेबलावर सांगितलं तर त्यांच्या हातात एकच उपाय उरतो, तो घटक काढून टाकणं. मग दहा कोर्सपैकी चार अर्धवट लागतात आणि पैसे मात्र पूर्ण जातात.

कांदा-लसणासाठी ‘जैन’ असं सांगायची सवय मुंबईत आहे. तसं सांगू नका. जैन म्हटलं की बटाटा, गाजर, बीट, आलं, सगळी कंदमुळं जातात आणि आईंना चालणाऱ्या निम्म्या वस्तू उगाच कमी होतात. ‘कांदा नाही, लसूण नाही, बाकी कंदमुळं चालतात’ असं स्पष्ट सांगा. तारखेचाही विचार करा. वाढदिवस संकष्टीला येत असेल तर चंद्रोदय रात्री आठ ते दहाच्या दरम्यान कधीही असतो. चंद्र वर येईपर्यंत पाच कोर्स परत जातील.

टेस्टिंग मेनूचा स्वभावही समजून घ्या. प्रत्येक पदार्थ दोन-तीन घासांचा, दोन कोर्समध्ये पंधरा-वीस मिनिटं, एकूण अडीच ते तीन तास. दर माणशी असतो, कर वेगळा, आणि साधारणपणे टेबलावरच्या सगळ्यांनी तोच घ्यावा लागतो. शाकाहारी मेनू स्वस्त असेलच असं नाही, बरेचदा दर एकच असतो. महालक्ष्मीच्या लक्ष्मी वूलन मिलच्या आवारातलं ‘मास्क’ हे रेस्टॉरंट 2016 पासून याच पद्धतीसाठी ओळखलं जातं. ज्यांना प्रत्येक पदार्थामागचा विचार ऐकायला आवडतो त्यांच्यासाठी ती संध्याकाळ मजेची असते. पण बाबांना तासाभरात जेवून शतपावलीला जायची सवय असेल, तर साध्या मेनूवरून निवडून जेवता येईल अशी जागा बघा. भेट त्यांना द्यायची आहे. हौस तुमची असेल तर तुम्ही दोघे वेगळे जा.

पहिल्या पगारातून घरच्या चौघांना चांगल्या ठिकाणी न्यायचंय. एकूण 10,000 रुपयांच्या वर जायचं नाही. मेनूवरच्या किमती आणि बिलाचा आकडा यांचा मेळ कधीच बसत नाही, तो कसा घालायचा?
— एक वाचक, डोंबिवली

उलट्या बाजूने मोजा. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जीएसटी 5 टक्के, म्हणजे मेनूच्या दराने साधारण 9,500 रुपयांपर्यंत मागवता येतं. पंचतारांकित हॉटेलच्या आतल्या रेस्टॉरंटमध्ये तो 18 टक्के असतो. खोलीचं भाडं दिवसाला 7,500 रुपयांच्या वर गेलेल्या हॉटेलांना हा दर लागतो आणि तो त्याच छपराखालच्या साध्या कॉफी शॉपलाही सुटत नाही. त्यात 10 टक्के सर्व्हिस चार्ज मिळवला, आणि त्यावरही जीएसटी लागला, तर तुमच्या 10,000 मध्ये मेनूच्या दराने जेमतेम 7,700 रुपयांचं जेवण बसतं.

हा सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला ती उचलून धरली. बिलात तो आपोआप जोडता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही. दिसला तर कार्ड देण्याआधी शांतपणे काढायला सांगा आणि नवं बिल छापून घ्या, म्हणजे जीएसटीही कमी रकमेवर येईल. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. मात्र वाढणाऱ्यांनी मनापासून केलं असेल तर 5 ते 10 टक्के टिप जरूर ठेवा. ती या हिशोबात आधीच धरा.

पाणी विचारताना ‘स्टिल की स्पार्कलिंग?’ असंच विचारतात, तिसरा पर्याय आपण सांगायचा: ‘रेग्युलर’, म्हणजे साधं गाळलेलं, बिनपैशाचं. बाटलीवर एमआरपीपेक्षा जास्त आकारल्याबद्दल भांडू नका. हॉटेल-रेस्टॉरंटना ती मुभा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केलंय. चौघांनी चार बाटल्या फोडल्या की एका स्टार्टरचे पैसे गेलेच.

एक सुचवू का? दुपारी जा. बऱ्याच चांगल्या ठिकाणी आठवड्याच्या मधल्या दिवसांत दुपारचा ठरावीक दराचा मेनू असतो, स्वयंपाकघर तेच आणि पैसे बरेच कमी. शिवाय तुम्हाला डोंबिवलीला परतायचंय. रात्री साडेनऊचं टेबल घेतलंत तर गोड येईपर्यंत शेवटच्या लोकलची धाकधूक सुरू होते. रविवारी जात असाल तर मेगाब्लॉक बघूनच निघा.

मुंबईत मिशेलिन स्टार असलेलं रेस्टॉरंट कोणतं?
— एक वाचक, ठाणे

एकही नाही. हे तारे देणारं मिशेलिन गाइड भारतात रेस्टॉरंटांचं मूल्यमापन करतच नाही. जाहिरातीत ‘मिशेलिन स्टार शेफ’ लिहिलेलं असतं तेव्हा तो तारा त्या शेफच्या परदेशातल्या रेस्टॉरंटला मिळालेला असतो. तारा रेस्टॉरंटला मिळतो, माणसाला नाही.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला वाइन मागवायचीय. कधी मागवलेली नाही. वेटर थोडीशी ओतून थांबतो तेव्हा काय करायचं असतं? आणि मुलगा वीस वर्षांचा आहे, त्याला चालेल का?
— एक वाचक, विलेपार्ले

मुलाला नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी 21, कडक दारूसाठी 25 वर्षं पूर्ण लागतात, आणि चांगली ठिकाणं ओळखपत्र मागतात. तारीखही तपासा: आषाढी-कार्तिकी एकादशी, 2 ऑक्टोबर, मतदानाच्या आधीचे दिवस, हे सगळे ड्राय डे.

तो पहिला घोट आवड-नावड ठरवायला नसतो. बाटली बिघडलेली नाही ना, एवढंच बघायचं. पेला हलवून वास घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बूच खराब आहे, तसं सांगा, बाटली बदलून देतात. वास ठीक असेल तर मान हलवली की झालं. ‘जरा आंबट लागते’ म्हणून परत करता येत नाही, म्हणून निवडतानाच विचारून घ्या. फिरकीचं झाकण असेल तर हा बुचाचा दोष नसतोच. 750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे पाच पेले होतात. दोघांना अख्खी बाटली जड होईल, पेल्याच्या दराने काय आहे ते विचारा. नाशिकच्या वाइन जवळजवळ सगळीकडे मिळतात आणि आयात मालापेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. मद्यावर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. त्यामुळे बिलात त्याचा हिशोब वेगळा दिसेल, दचकू नका.

भाचीचं केळवण रेस्टॉरंटमध्ये करायचंय, पंधरा माणसं. वेगळी खोली परवडेल का? आणि काट्या-चमच्यांनीच जेवावं लागतं का?
— एक वाचक, दादर

वेगळ्या खोलीला बहुधा भाडं नसतं, किमान खर्चाची अट असते: अमुक रकमेचं जेवण व्हायलाच हवं. ती रक्कम कर धरून की वगळून, दुपारी कमी होते का, आणि माणसं कमी आली तर काय, हे तिन्ही विचारा. पंधरापैकी दोघे हमखास गळतात. पानाभोवती रांगोळी चालते, पण ती फुलांची काढा. रंग कार्पेटवर सांडले तर सफाईचे पैसे लावतात.

काट्या-चमच्यांचं एवढं मनावर घेऊ नका. मांडलेले असतील तर बाहेरून आत वापरत जायचं, ब्रेडची ताटली डावीकडची आपली, पेला उजवीकडचा आपला. जेवण झालं की काटा-सुरी शेजारी-शेजारी ठेवा. फाकवून ठेवलीत तर ताटली उचलणार नाहीत. रोटी, खेकडा, पापलेट हाताने खा, कुठल्याही मोठ्या हॉटेलात खा. नवऱ्या मुलीच्या हातावर मेंदी ओली असेल तर तेवढा चमचा मागून घ्या.