आवडत्या वाक्यांची हाताने सजवलेली वही करतेय, पण पानांसाठी कल्पनाच सुचत नाहीत. काय करू?

आधी इतरांनी सजवलेली पानं बघणं थोडे दिवस बंद करा. तुम्ही लिहिलंय की वही शिवून तयार आहे, फोनमध्ये वाक्यं आणि म्हणी ढिगाने साठल्यात, पण कोरं पान समोर आलं की हात चालत नाही आणि इंटरनेटवर जावं तर सगळीकडे त्याच वेली, तीच फुलपाखरं. हात चालणार कसा? त्या वेलीखाली कुठलंही वाक्य लिहिलं तरी खपून जातं. तुम्हाला हवंय ते पान एकाच वाक्याचं असायला हवं, आणि ते त्या वाक्यातूनच निघतं.

म्हणून फोनमधलं एक वाक्य घ्या आणि पाठकोऱ्या कागदावर जाड पेनाने चार-पाच वेळा उतरवून काढा. छान अक्षरात नको, नेहमीच्याच. कुठे हात अडतो, कुठला शब्द तुम्ही नकळत मोठा काढता, कुठे ओळ मोडावीशी वाटते हे तिसऱ्या-चौथ्या वेळेला कळायला लागतं. मग त्यातलं क्रियापद शोधा. आपण बहुतेक जण नामांची चित्रं काढतो आणि तिथेच पान बेचव होतं.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ घ्या. पटकन सुचतं ते तळं, त्यात कमळ, काठावर एखादा बगळा. पण म्हणीचा जीव ‘साचे’मध्ये आहे आणि साचायला वेळ लागतो. मी या म्हणीला पानच दिलं नाही. वहीच्या प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पातळ केलेल्या निळ्या शाईचा ड्रॉपरने एक थेंब सोडत गेले. आधीच्या पानांवर एकटा थेंब, पुढे दोन-तीन एकमेकांत मिसळलेले, शेवटाकडे खालचा सगळा काठ निळा आणि म्हण फक्त शेवटच्या पानावर. करून बघाल तर एक गंमत दिसेल. ओल्या कागदावर थेंब पडला की कडा पिसासारख्या पसरतात. कोरड्या कागदावर तोच थेंब वाळताना रंग कडेला ओढून नेतो आणि भोवती एक गडद, बारीक कडं उरतं. वेगळी नक्षी काढायची गरजच राहत नाही.

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ला तर पाणी दाखवायचंच नाही. ‘खळखळाट’ एवढा मोठा लिहा की तो समासाबाहेर जाईल, अक्षरं एकमेकांवर चढतील. ‘उथळ’ मात्र फिक्या पेन्सिलीने, जेमतेम वाचता येईल असा. देवनागरीत यासाठी एक हक्काची सोय आहे, ती म्हणजे शिरोरेषा. ती थरथरू द्या, एका टोकाला सैल सोडा, मध्येच तोडा, पाण्याची पातळी म्हणून वापरा. फक्त वर-खाली मात्रा, उकार येतात हे लक्षात ठेवून दोन ओळींत मोकळी जागा सोडा, नाहीतर ‘पूर्ण’मधला ऊकार खालच्या ओळीतल्या रफारावर आदळतो.

वाक्य एखाद्या लेखकाचं असेल तर ते मूळ पुस्तकात कुठे येतं ते शोधून आजूबाजूचा परिच्छेद वाचा. यातून जेवढं सुचतं तेवढं दुसऱ्या कशातून सुचत नाही. ओळ कुणाच्या तोंडी आहे, खोलीत काय होतं, पाऊस होता की दुपार, हे सगळं तिथे असतं. शिवाय फोनवर फिरणारी कितीतरी वाक्यं त्या माणसाची नसतातच, तेही कळतं. मूळ सापडलं नाही तर खाली नाव लिहू नका. वाक्य आवडलंय ना, तेवढं पुरे.

प्रेरणेसाठी बघायचंच असेल तर थोडं जुनं बघा. मध्ययुगीन युरोपातल्या हस्तलिखितांत बहुधा लेखनिक आधी मजकूर लिहून घेई आणि चित्रांसाठी, मोठ्या आद्याक्षरांसाठी जागा सोडून देई. रंगवणाऱ्याला कळावं म्हणून त्या मोकळ्या जागेत बारीकसं अक्षर लिहिलेलं असे. हाच क्रम ठेवा: आधी पेन्सिलीने शब्दांची जागा, मग चित्र. उलट केलंत तर सुंदर पार्श्वभूमीवर लिहायची भीती वाटते आणि वाक्य कुठल्यातरी कोपऱ्यात कोंबलं जातं. इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकने १७८९ च्या आपल्या कवितासंग्रहात अक्षरं आणि चित्र तांब्याच्या एकाच पत्र्यावर कोरली. त्यामुळे वेल कुठे संपते आणि अक्षर कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. अशा वेलींबद्दल माझी काही तक्रार नाही!

दुसरी बघण्यासारखी बाई म्हणजे कोरिटा केंट. १९६० च्या दशकात या अमेरिकन चित्रकर्तीने जाहिरातींतले शब्द आणि कवींच्या ओळी एकत्र आणून स्क्रीनप्रिंट केले. विद्यार्थ्यांना ती पुठ्ठ्याला लहान चौकोनी खिडकी कापून तिच्यातून जग बघायला लावायची. तुम्हीही काड्यापेटीएवढी खिडकी कापा आणि ती जुनी मासिकं, नकाशे, पाकिटांच्या आतली नक्षी यांवरून सरकवत न्या. कशाचं चित्र आहे ते कळेनासं होतं आणि नुसता पोत, रंग, रेघा उरतात. पार्श्वभूमीला तेच हवं असतं.

सामानाचं थोडक्यात. पूर्ण वहीसाठी दोन-तीनच रंग ठरवा; चमकी आणि तयार स्टिकर माझ्या मते दूरच बरे. साधा ७०-८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कागद जलरंगाखाली सुरकुततो, म्हणून अशा वहीत रंगकाम वेगळ्या जाड कागदावर करून चिकटवा. फाउंटन पेनची बहुतेक शाई पाण्याने फुटते, तेव्हा आधी रंग वाळवा आणि मग लिहा, किंवा वॉटरप्रूफ पिगमेंट शाईचं पेन घ्या. चिकटवाचिकटवीने वही फुगून मिटेनाशी होते. त्यासाठी मधली काही पानं कापून टाका, पण शिलाईपाशी बोटभर पट्टी ठेवूनच. पान मुळापासून काढलंत तर शिलाईपलीकडचं त्याचं जोडपान सुटून येईल.

शेवटची दोन पानं अनुक्रमणिकेसाठी कोरी ठेवा. अशा उताऱ्यांच्या वह्या ठेवायची रीत युरोपात जुनी आहे आणि इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने तर विषयाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर यांवरून सूची करायची पद्धत मांडली होती. ती १६८६ मध्ये फ्रेंचमध्ये छापली गेली. तुम्हाला इतकं काटेकोर व्हायची गरज नाही, वाक्याचा पहिला शब्द आणि पान क्रमांक पुरतो. तुमच्या यादीतली तीन-चार वाक्यं इथे खाली लिहिलीत तर त्यांच्यावर नेमकं बोलता येईल.