संगणक-शंका : पेनड्राइव्हवरून ऑपरेटिंग सिस्टीम टाकताना येणाऱ्या अडचणी

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पेनड्राइव्हवरून नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकताना झालेल्या खोळंब्याची पत्रे अधिक आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. बहुतेक वाचकांनी पडद्यावर आलेला संदेश कळवला आहे, मात्र तो कोणत्या टप्प्यावर आला हे फार थोड्यांनी लिहिले आहे. आधी बायोस, म्हणजे संगणक सुरू होताच चालणारा मदरबोर्डवरील प्रोग्रॅम, पेनड्राइव्ह शोधते, मग त्यावरील बूट लोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, चालू होतो, त्यानंतर सेटअपला डिस्क सापडावी लागते, मग फाइली उतरतात आणि शेवटी संगणक स्वतःच्या डिस्कवरून पुन्हा सुरू होतो. काम यांतील कोणत्या पायरीवर अडले हे कळले की निम्म्याहून अधिक शंका आपोआप गळून पडतात.

प्रश्न : विंडोज ११ ची आयएसओ फाइल मी १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर कॉपी केली, पण लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूत पेनड्राइव्ह दिसेना. मित्राच्या सांगण्यावरून पेनड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून आयएसओमधील सर्व फाइली त्यावर उतरवल्या, तरीही तेच. पेनड्राइव्ह खराब आहे असे समजावे का? — एक विद्यार्थी, फोंडा

पेनड्राइव्ह खराब असण्याची शक्यता कमी आहे. तुमच्या दोन्ही प्रयत्नांत वेगवेगळ्या चुका झाल्या आहेत. आयएसओ फाइल जशीच्या तशी कॉपी करणे म्हणजे सामानाची बंद पेटी दारात नेऊन ठेवणे होय. बायोस ती पेटी उघडत नाही, त्यामुळे पहिला प्रयत्न वाया जाणारच होता. दुसऱ्या प्रयत्नात फाइली बाहेर काढल्यात हे योग्यच झाले, पण एनटीएफएस आणि फॅट या डिस्कवर फाइली मांडण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत, आणि यूईएफआय या नव्या पद्धतीच्या बायोसला फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला भाग वाचता येणे एवढेच बंधनकारक असते. एनटीएफएस वाचण्याची सोय काही उत्पादक देतात आणि पुष्कळ देत नाहीत.

आता तुम्ही पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट कराल आणि तिसरी अडचण समोर येईल. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल ठेवता येत नाही, आणि विंडोजच्या आयएसओमधील 'इन्स्टॉल डॉट विम' ही मुख्य फाइल हल्ली त्याहून मोठी असते. या कोंडीतून वाट काढण्याचे काम मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल किंवा रूफस हा छोटा प्रोग्रॅम करतो. मायक्रोसॉफ्टचे साधन तीच सामग्री अधिक दाबून लहान फाइलीत भरते, तर रूफस एनटीएफएस भागाच्या जोडीला फॅटचा एक चिमुकला भाग तयार करून त्यात एनटीएफएस वाचणारा ड्रायव्हर (जोडणी करून देणारा छोटा प्रोग्रॅम) ठेवतो. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा, आणि त्यावरचे सर्व काही पुसले जाईल हे लक्षात असू द्यावे.

बूट मेनूची कळ डेल व लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपांवर एफ१२, एचपीवर एफ९, तर असूसच्या लॅपटॉपवर एस्केप असते. एसरच्या काही लॅपटॉपांवर एफ१२ मेनू मुळातच बंद ठेवलेला असतो आणि तो आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो. विंडोजमधून 'शट डाउन' करून कळ दाबत बसण्यापेक्षा 'रीस्टार्ट' करावे, कारण फास्ट स्टार्टअपमुळे 'शट डाउन' पूर्ण झालेले नसते.

प्रश्न : मी हिशेबनिसाचे काम करते. ज्या पेनड्राइव्हने घरच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज व्यवस्थित बसले, त्याच पेनड्राइव्हने नव्या लॅपटॉपवर सेटअप सुरू होतो, पण विंडोज कोठे टाकायचे हे विचारणाऱ्या पडद्यावर डिस्कची यादी रिकामीच राहते. दुरुस्ती करणाऱ्याने एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, गेल्याचे सांगून नवीन घेण्यास सुचवले आहे. — एक वाचक, मडगाव

नवीन एसएसडी घेण्याची घाई करू नये. बायोसच्या पडद्यावर एसएसडीचे नाव व आकार दिसत असेल तर ती बहुधा जिवंत आहे, फक्त सेटअपला ती दिसत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क 'व्हीएमडी' नावाच्या नियंत्रकामागे जोडलेली असते. त्या नियंत्रकाशी बोलणारा ड्रायव्हर विंडोजच्या सेटअपमध्ये नसला की यादी रिकामी राहते. जुन्या लॅपटॉपमध्ये हा नियंत्रक नव्हता, म्हणून तोच पेनड्राइव्ह तेथे चालला. सेटअपमध्ये शिफ्ट व एफ१० दाबून काळी खिडकी उघडावी आणि 'डिस्कपार्ट' व त्यानंतर 'लिस्ट डिस्क' या आज्ञा द्याव्यात. त्या यादीत केवळ पेनड्राइव्हच दिसत असेल तर वरील निदानाला बळकटी मिळते. याच खिडकीत 'क्लीन' ही आज्ञा मात्र देऊ नये. आंतरजालावर ती सर्रास सुचवली जाते, पण न दिसणाऱ्या डिस्कवर तिचा उपयोग शून्य आहे, आणि चुकीचा क्रमांक निवडला गेला तर पेनड्राइव्हच पुसला जाईल.

उपाय दोन आहेत. पहिला असा की लॅपटॉप उत्पादकाच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर उतरवावा, तो दुसऱ्या संगणकावर उलगडून 'आयएनएफ' फाइली असलेले फोल्डर त्याच पेनड्राइव्हवर ठेवावे आणि सेटअपमधील 'लोड ड्रायव्हर' या पर्यायातून ते फोल्डर दाखवावे. न उलगडलेली 'ईएक्सई' फाइल ठेवली तर सेटअपला त्यात काहीही सापडत नाही, आणि बहुतेकांचे घोडे येथेच अडते. दुसरा उपाय बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा आहे. एसरच्या काही लॅपटॉपांत ही ओळ लपवलेली असते आणि 'मेन' या पानावर कंट्रोल व एस दाबल्यावरच दिसते.

मी पहिला उपाय सुचवीन. व्हीएमडी चालू असताना बसवलेले विंडोज त्या लॅपटॉपवर आधीपासून असेल, तर व्हीएमडी बंद केल्यावर ते निळा पडदा दाखवून थांबते, आणि हिशेबाच्या फाइली त्यातच असतील तर घबराट उडते. तसे झालेच तर व्हीएमडी पुन्हा चालू करावे, जुने विंडोज बहुतेक वेळा पूर्ववत सुरू होते. अशिलांचे हिशेब मात्र सेटअप सुरू करण्याआधीच दुसऱ्या डिस्कवर उतरवलेले असले पाहिजेत, यात तडजोड नको.

प्रश्न : आमच्या शाळेतील संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरले, म्हणून विंडोज १० राहू देऊन शेजारी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकण्याचे ठरवले. काही संगणकांवर पेनड्राइव्ह सुरू होताच 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश येऊन संगणक बंद होतो. जे अधिक जुने आहेत त्यांवर मिंट बसले, पण आता सुरुवातीच्या मेनूत विंडोजच नाही, आणि मुलांच्या गुणांच्या फाइली विंडोजमध्ये आहेत. — एक शिक्षिका, वाळपई

पहिल्या गटातील संगणकांत सिक्युअर बूट चालू आहे. पेनड्राइव्हवरील बूट लोडरवर मान्य असलेली स्वाक्षरी आहे की नाही, आणि तो रद्द ठरवलेल्या जुन्या आवृत्तीचा तर नाही ना, हे ही व्यवस्था तपासते. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अद्ययावतीकरणाने ही रद्दीकरणाची यादी संगणकाच्या मदरबोर्डवरील स्मृतीत लिहिली. दोन ऑपरेटिंग सिस्टीम असलेल्या संगणकांना ती लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टने म्हटले होते, तरी प्रत्यक्षात अशा कित्येक संगणकांवरचे लिनक्स आणि लिनक्सचे जुने पेनड्राइव्ह त्यानंतर सुरू होईनासे झाले. ही यादी विंडोज पुसून टाकल्यानेही जात नाही. म्हणून आपला पेनड्राइव्ह कोणत्या आयएसओपासून बनवला आहे ते पाहावे, आणि ती जुनी असेल तर मिंटच्या संकेतस्थळावरून ताजी आवृत्ती उतरवून नव्याने बनवावा. मिंट २२ ही मालिका जुलै २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत, तेव्हा शाळेसाठी ती सोयीची आहे. २ जीबी स्मृतीवर ती चालते खरी, पण वर्गात सुखाने वापरायची तर ४ जीबी असावी.

ताज्या पेनड्राइव्हनेही तोच संदेश आला तर सिक्युअर बूट तात्पुरते बंद करता येते. त्याआधी विंडोजमध्ये जाऊन डिस्कवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' ही डिस्क कुलूपबंद करणारी सोय चालू आहे का ते पाहणे अत्यावश्यक आहे. ते चालू असेल तर सिक्युअर बूटमध्ये बदल होताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते, आणि ती नसेल तर फाइली कोणालाही उघडता येत नाहीत. घरगुती संगणकांवर ही की बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक सुरू केला त्या खात्यात जमा असते. शाळेत मात्र ते खाते बदलून गेलेल्या एखाद्या शिक्षकाचे असू शकते. म्हणून की हाती आल्याशिवाय बायोसला हात लावू नये.

दुसऱ्या गटाचे दुखणे अगदी निराळे आहे. हे संगणक यूईएफआयपूर्वीच्या जुन्या, 'लेगसी' पद्धतीने विंडोज सुरू करणारे असावेत. अशा संगणकांच्या बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह अनेकदा दोन ओळींत दिसतो, आणि त्यांपैकी एका ओळीच्या आधी 'यूईएफआय' असे लिहिलेले असते. ती ओळ निवडली गेली, तर लेगसी पद्धतीच्या विंडोजशेजारी यूईएफआय पद्धतीचे मिंट बसते, आणि एका पद्धतीच्या मेनूला दुसऱ्या पद्धतीची सिस्टीम सुरू करता येत नाही. मिंटच्या इन्स्टॉलरने याविषयी इशारा दिला असणार. त्या इशाऱ्याची चौकट लांबलचक इंग्रजीत असते आणि खाली पुढे जाण्याचे बटण असते, त्यामुळे ती न वाचता पुढे जाणाऱ्यांना दोष द्यावासा वाटत नाही.

विंडोजचा भाग पुसण्याचा पर्याय निवडला नसेल तर गुणांच्या फाइली सुरक्षित आहेत. मिंटमध्ये फाइलींच्या खिडकीत डाव्या बाजूला विंडोजचा भाग दिसेल. तो उघडून फाइली आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात. त्यानंतर पेनड्राइव्हची 'यूईएफआय' शब्द नसलेली ओळ निवडून आधीच्या मिंटच्या जागी मिंट पुन्हा टाकावे, म्हणजे मेनूत दोन्ही नावे येतील. उरलेल्या संगणकांवर काम सुरू करण्यापूर्वी विंडोजच्या 'सिस्टीम इन्फर्मेशन' या खिडकीतील 'बायोस मोड' ही ओळ पाहून प्रत्येक संगणकावर त्याची पद्धत लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी.

पात्रतेच्या तपासण्या वगळून विंडोज ११ टाकण्याची सोय रूफसमध्ये आहे, हे आपल्याला कोणीतरी सांगेलच. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या संगणकावर तसे केले तर पुढील अद्ययावतीकरणे मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून शाळेच्या संगणकांवर हा मार्ग मी घेणार नाही.

प्रश्न : विंडोज टाकताना फाइली उतरण्याचे काम कधी १२ टक्क्यांवर, कधी ४० टक्क्यांच्या पुढे थांबते आणि फाइल सदोष किंवा गहाळ असल्याचा, ८००७०५७० या क्रमांकाने संपणारा संदेश येतो. आयएसओ दोनदा उतरवून पाहिली. आमच्या भागात पावसाळ्यात वीजही वारंवार जाते. — एक वाचक, काणकोण

आयएसओ तिसऱ्यांदा उतरवण्याआधी आहे ती तपासावी. डाउनलोडच्या पानावर ६४ अक्षरांची एक खूण दिलेली असते. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा आपल्या फाइलीवर चालवली की तशीच खूण मिळते. दोन्ही तंतोतंत जुळल्या तर फाइल निर्दोष आहे, आणि शोध पुढे न्यावा.

काम दर वेळी त्याच टक्क्यावर थांबत असते तर मी पेनड्राइव्हवर संशय घेतला असता. आपल्याकडे ते वेगवेगळ्या जागी थांबते, म्हणून माझा पहिला संशय संगणकाच्या स्मृतीवर, म्हणजे रॅमवर आहे. फाइल वाचली गेली बरोबर, पण रॅममध्ये असताना तिचा एखादा बिट बदलला, तरी सेटअपला ती सदोषच दिसते. मेमटेस्ट८६ प्लस हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून सुरू करून निदान एक फेरी पूर्ण होऊ द्यावी, रात्रभर चालवला तर उत्तम. एकही चूक दिसली तर संगणक बंद करून, वीजजोडणी काढून रॅमच्या पट्ट्या बाहेर काढाव्यात, त्यांचे सोनेरी टोक मऊ खोडरबराने हलकेच पुसावे आणि एकेक पट्टी बसवून चाचणी पुन्हा करावी. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या, दमट हवेत धातूच्या टोकांवर थर बसतो आणि पुष्कळदा दोष तेवढाच असतो.

रॅम ठीक निघाली तर पेनड्राइव्ह मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरील पोर्टमध्ये लावून पाहावा, कारण पुढचे पोर्ट आतल्या वायरीने जोडलेले असतात. त्यानेही काम झाले नाही तर दुसरा पेनड्राइव्ह वापरावा. विजेविषयी सांगायचे तर फाइली उतरत असताना वीज गेल्यास ते काम बहुधा पहिल्यापासून करावे लागते, पण बायोसचे अद्ययावतीकरण चालू असताना ती गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. इन्स्टॉल करण्याआधी बायोस अद्ययावत करा असा सल्ला कोणी दिला, तर तो यूपीएसशिवाय अमलात आणू नये.

प्रश्न : सेटअप पूर्ण झाल्यावर संगणक रीस्टार्ट होतो आणि भाषा निवडण्याचा पहिलाच पडदा पुन्हा येतो. शिवाय ज्या दुसऱ्या पेनड्राइव्हवरून मी उबुंटू हे लिनक्स टाकले, तो ३२ जीबीचा असूनही विंडोजमध्ये आता जेमतेम काही एमबीचा दिसतो. — एक वाचक, पेडणे

पहिल्या रीस्टार्टच्या वेळी पेनड्राइव्ह काढून घ्यावा. बायोसमध्ये पेनड्राइव्हचा क्रम डिस्कच्या वर असल्याने संगणक पुन्हा त्याच्याकडेच वळतो. पेनड्राइव्ह काढल्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' असे दिसले, तर बूटच्या क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' हे नाव आहे का ते पाहावे.

दुसरा पेनड्राइव्ह बिघडलेला नाही. आयएसओची प्रतिमा थेट लिहिणारी साधने पेनड्राइव्हवरील पार्टिशनचा, म्हणजे भागांच्या मांडणीचा, तक्ताच बदलतात, आणि विंडोजला त्यातील केवळ एक लहानसा भाग ओळखता येतो. विंडोजमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने 'डिस्कपार्ट' उघडून 'लिस्ट डिस्क'ने यादी पाहावी, साधारण २९ जीबी आकार दाखवणारा क्रमांक 'सिलेक्ट डिस्क'ने निवडावा, मग 'क्लीन' आणि 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी' या आज्ञा द्याव्यात आणि नेहमीप्रमाणे फॉरमॅट करावे. बाहेरच्या इतर सर्व डिस्क त्याआधी काढून ठेवाव्यात, कारण 'क्लीन' पुन्हा विचारत नाही.