डोंगलवर चालणारे जुने अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर असताना विंडोज १० सोडून विंडोज ११ घ्यावे का?

तुम्ही लिहिले आहे की २०१९ साली घेतलेल्या, आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम असलेल्या संगणकावर तुम्ही लग्नपत्रिका आणि लहान पुस्तकांची अक्षरजुळणी करता, विंडोज १० वर सर्व काही सुरळीत चालू आहे, आणि तरीही विंडोज ११ घ्यावे की नाही हे ठरत नाही. माझाही डीटीपीचाच व्यवसाय आहे आणि याच निर्णयात मी एकदा चुकलो आहे. माझे मत असे आहे की विंडोज ११ जरूर घ्यावे, परंतु तुमचे डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला लावावी लागणारी परवान्याची छोटी चावी) त्यावर चालताना स्वतः पाहिल्याशिवाय जुनी प्रणाली पुसू नये.

विंडोज १० साठीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर संगणक बंद पडत नाही, म्हणूनच अनेकांना काही बिघडल्यासारखे वाटत नाही. मात्र प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत. आपल्या व्यवसायात हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण दिवसभरात अनेक ग्राहक आपापले पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि आपण ते सर्व एकाच संगणकाला लावतो. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली होती, पण ती केवळ मुदतवाढ आहे.

तुमचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा असल्यामुळे तो पात्रतेत बसतो. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे पात्रता तपासणारे ॲप तरीही नकार देत असेल, तर बहुधा टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी संगणकातील सुरक्षा-सुविधा) बंद असेल. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेलच्या मदरबोर्डवर ते पीटीटी या नावाने असते आणि तेथे ते चालू करता येते. बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहावे आणि असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. याशिवाय तुमचे विंडोज १० हे ३२ बिटचे तर नाही ना, हेही तपासावे. जुन्या सॉफ्टवेअरसाठी आपल्याकडे अनेकांनी मुद्दाम तसे ठेवलेले असते. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये येते, त्यामुळे ३२ बिटवरून थेट अपग्रेड होत नाही आणि १६ बिटच्या काळातले प्रोग्रॅम त्यावर चालतच नाहीत.

आता खऱ्या अडचणीविषयी. मी लग्नसराईच्या तोंडावर फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकले. पडदा स्वच्छ दिसला, प्रिंटर लगेच सापडला. पण सॉफ्टवेअर उघडताच ‘की नॉट फाउंड’ असा संदेश आला. डोंगलचा लाल दिवा लागलेला होता आणि तरीही प्रणालीला ते दिसत नव्हते, कारण त्याचा ड्रायव्हर (प्रणालीला डोंगल ओळखू देणारा प्रोग्रॅम) फार जुना होता आणि विंडोज ११ मधील मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण तो सुरू होऊ देत नव्हते. पत्रिकांच्या जुन्या फाइल वर्डमध्ये उघडल्या, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची सरमिसळ दिसली. युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेले असतात, त्यामुळे तो फॉण्ट आणि ते सॉफ्टवेअर नसेल तर मजकूर हाती असूनही वाचता येत नाही. फॉरमॅट केल्यामुळे मागे फिरण्याची सोयही उरली नव्हती. विंडोज १० पुन्हा टाकण्यात तीन दिवस गेले आणि एका घरच्या पत्रिका मला दुसरीकडून करून द्याव्या लागल्या. त्या मुलीच्या वडिलांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून तुम्ही असे करावे. सुमारे २५६ जीबीची एक वेगळी एसएसडी घ्यावी, जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी आणि नव्या एसएसडीवर विंडोज ११ टाकावे. विंडोज १० चा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असेल, तर विंडोज ११ ची त्याच प्रकारची आवृत्ती (होमला होम, प्रोला प्रो) सहसा आपोआप सक्रिय होते. डोंगल चालले नाही, तर जुनी डिस्क परत लावून त्याच संध्याकाळी काम सुरू करता येते. अपग्रेड करून मिळणारी दहा दिवसांची माघारीची मुदत मला या कामासाठी अपुरी वाटते, कारण काही चुका छपाईला गेल्यावरच कळतात. डोंगलच्या नव्या ड्रायव्हरसाठी सॉफ्टवेअर विकणाऱ्याला आधीच फोन करावा. मला तो मागितल्यावर मिळाला. ड्रायव्हर मिळत नाही म्हणून मेमरी इंटिग्रिटी बंद करून काम भागवू नये, कारण ज्या सुरक्षिततेसाठी हा खटाटोप करायचा, तीच त्यामुळे कमी होते.

हे सर्व आषाढी एकादशीनंतर करावे, तेव्हा लग्नाचे मुहूर्त सहसा नसतात. डोंगल चालल्यावर एखादी जुनी पत्रिका आणि पुस्तकाचे एक पान छापून मूळ प्रतीशी ताडून पाहावे. विशेषतः ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘शृंगार’ यांसारख्या शब्दांतील ‘ऱ्ह’ आणि ‘शृ’ ही अक्षरे तपासावीत. ती जुळेपर्यंत जुनी डिस्क पुसू नये.