टेनर तीनच आहेत, मग कॉयरला काय गायला द्यायचं?

प्रश्न : मी 21 वर्षांची, वसईची. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पियानोची पाचवी ग्रेड आणि थिअरी झाली आहे. आमच्या पॅरिशच्या (चर्चच्या) युवा कॉयरची, म्हणजे गायकगटाची, जबाबदारी यंदा माझ्याकडे आली. आम्ही 24 जण आहोत : सोप्रानो (मुलींचे उंच आवाज) 9, आल्टो (मुलींचे खालचे) 8, टेनर (मुलांचे उंच) 3, बेस (मुलांचे खालचे) 4. डिसेंबरात कॉन्सर्ट आहे. सरावाला 12 रविवार, दर वेळी दोन तास. मला आजच्या संगीतकारांचं काही बसवायचं आहे. व्हिटेकर, लॉरिडसन ऐकून वेड लागलंय. पुढे कॉयर कंडक्टिंगच करायचं आहे. रचना कशा निवडू? आणि या निवडीचा पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी काही उपयोग होतो का?

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचं. उपयोग होतो, आणि चांगलाच होतो. कॉयर कंडक्टिंगचं पुढचं शिक्षण अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा हंगेरीत घेता येतं. हंगेरीतल्या केच्केमेटची कोडाय इन्स्टिट्यूट 1975 पासून हे काम करते आहे. अर्जासोबत बहुतेक ठिकाणी तू बसवलेल्या रचनांची यादी आणि सराव घेतानाचा व्हिडिओ मागतात. यादी वाचूनच समोरच्याला कळतं, की या मुलीला आपल्या हातातला कॉयर ओळखता येतो की नाही. शाळेत संगीतशिक्षक व्हायचं ठरवलंस तरी रोजचं काम हेच असणार आहे.

म्हणून निवडीची सुरुवात रेकॉर्डिंगपासून करू नकोस, तुझ्या तीन टेनरांपासून कर. व्हिटेकरच्या बऱ्याच रचनांत प्रत्येक पार्ट (एका आवाजगटाचं गाणं) दोन-तीन ओळींत फुटतो. तीन टेनर दोन ओळींत वाटले की एका ओळीवर एकटा मुलगा उरतो. त्याला खोकला झाला की ती ओळच गेली. लॉरिडसनच्या ‘ओ माग्नुम मिस्तेरियुम’चंही (1994) तेच, शिवाय तिथे एक जागा फार नाजूक आहे. सगळी रचना डी मेजरमध्ये शांत वाहते आणि ‘व्हिर्गो’ या शब्दावर आल्टोंना जी शार्प येतो. त्या पट्टीबाहेरचा तेवढा एकच स्वर. डी हा सा धरलास तर तो तीव्र मध्यम. यमन शिकलेल्या मुलीला तो लगेच सापडेल, पण बाकीच्या साती जणी तिच्यासोबत नेमक्या तिथेच लागायला हव्यात. थोडा उतरला तर ऐकणाऱ्याला नुसती चूक वाटते. ही रचना पुढच्या वर्षासाठी ठेव, टेनर पाच-सहा झाल्यावर.

स्कोर (रचनेची छापील स्वरलिपी) हातात आला की पेन्सिल घेऊन बस. आधी टेनरची ओळ बघ : मधल्या सी-च्या वरच्या ई-पलीकडचे स्वर किती आहेत, आणि त्याहून महत्त्वाचं, तिथे किती वेळ थांबायचं आहे. एखादा उंच स्वर गाठता येतो. चार ओळी तिथेच राहिल्या की गळा आवळतो आणि सूर उतरतो. मग चारही पार्ट स्वतः गाऊन बघ, एक पार्ट पियानोवर आणि दुसरा गळ्यात. आपला पुढचा स्वर आधी कुणाच्या तोंडून ऐकू येतो, ते पार्ट जिथे जिथे गायला सुरुवात करतो तिथे लिहून ठेव. जिथे लिहायला काही सापडत नाही, तिथे सरावात अडकायला होणार हे आत्ताच धर.

आता वेळेचा हिशेब. 24 तासांतून दर वेळची 20 मिनिटं गळा तापवण्यात आणि सूचनांत जातात. उरतात 20 तास. साथीशिवायचं चार पार्टांचं नवं संगीत अशा कॉयरला बसवायला दर मिनिटाला एक ते दीड तास धर. म्हणजे नवं संगीत 12 मिनिटांच्या पुढे नेऊ नकोस. बाकीचा कार्यक्रम त्यांना येणाऱ्या कॅरल्सनी भर.

त्या 12 मिनिटांसाठी माझी सूचना अशी. आर्वो पॅर्टची ‘द डिअर्स क्राय’ (2007) घे. शब्द इंग्रजी, तेही संत पॅट्रिकच्या प्रार्थनेतले, त्यामुळे पॅरिशच्या मुलांना अर्थ समजावत बसावं लागणार नाही. स्वर कठीण नाहीत, कठीण आहेत त्या मधल्या शांतता. घाईत त्या आखडतात आणि कुणीतरी आधीच घुसतं. पहिले दोन रविवार विश्रांतीचे ठोके सगळ्यांना बोटांवर मोजायला लाव. तेच शब्द हळू आवाजात पुन्हा पुन्हा गाताना सूरही खाली सरकतो. प्रत्येक पान संपलं की पियानोवर तपास. आणि कॉन्सर्टमध्ये या रचनेपुरते पंखे बंद करायला सांग.

दुसरी रीना इस्माइल यांची ‘तारेकिटा’ (2016). लॉस एंजेलिसमधल्या बेघर असलेल्या, पूर्वी बेघर राहिलेल्या गायकांच्या कॉयरसाठी लिहिलेली, तबल्याच्या बोलांवरची, जेमतेम दोन मिनिटांची. परदेशी कॉयर इथे त-चा ट करून बसतात. तुमच्या मुलांना दंत्य त जन्मापासून येतो, ही मोठी जमेची बाजू आहे. धोका लय पळण्याचा. स्वर शिकवण्याआधी हातावर ताल धरून नुसती पढंत (बोल तोंडाने म्हणणं) करून घे, दर रविवारी दहा मिनिटं.

तिसरी रचना मराठी असू दे, मुद्दाम लिहून घेतलेली. पियानो शिकवणाऱ्या कुणाकडून बालकवींची एखादी कविता तीन पार्टांत बांधून घे : सोप्रानो, आल्टो आणि पुरुषांची एकच ओळ. सात पुरुष एका ओळीवर आले की आवाज भरतो. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. बालकवी 1918 साली गेले, त्यामुळे त्या कविता खुल्या आहेत. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, तिथे आधी परवानगी हवी. हा क्रम चुकवून चालत नाही. व्हिटेकरने ‘स्लीप’ मुळात रॉबर्ट फ्रॉस्टच्या कवितेवर केली होती. हक्कधारकांनी नकार दिला आणि त्याला त्याच सुरांवर नवे शब्द लिहून घ्यावे लागले.

विकतच्या रचनांच्या 25 प्रती घे, झेरॉक्स काढू नकोस. एका प्रतीला साधारण दोन ते चार डॉलर पडतात, तेव्हा पॅरिशकडे पैसे आत्ताच माग. हौशी गटाने तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी गायलं तर आपला कायदा सादरीकरणाला सूट देतो; पण व्हिडिओ ऑनलाइन टाकणं त्यात येत नाही, त्यासाठी प्रकाशकाला ईमेल कर.

क्रम लावताना साथीशिवायच्या रचनेला लागून पियानोची त्याच पट्टीतली रचना ठेवू नकोस. कॉयर पाव सूर उतरलेला असला तर पियानो वाजताच ते सगळ्यांना कळतं. मध्ये एखादं वाचन ठेव.

अर्जासाठीचा व्हिडिओ कॉन्सर्टचा नको, सातव्या-आठव्या रविवारचा घे, रचना अर्धी बसलेली असताना. कॅमेरा कॉयरच्या मागे, तुझ्या चेहऱ्याकडे. ‘डिअर्स क्राय’मध्ये कुणी लवकर घुसलं, तू थांबवलंस, काय चुकलं ते एका वाक्यात सांगितलंस आणि पुढच्या वेळी ते सुधारलं, एवढी चार मिनिटं सलग, न कापता पाठव.