थर्मोस्टॅट काढून टाकला तर इंजिन थंड राहून पिकअप वाढतो का?

काढू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तुमच्या गाडीचा तापमानाचा काटा वर चढतो, मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅटच काढून टाकू, वर पिकअपही वाढेल. नाही वाढणार. उलट गाडी मठ्ठ होईल आणि पेट्रोल जास्त पिईल. असा मेकॅनिक आमच्या कोल्हापुरातल्या दाजींनाही भेटला होता, म्हणून एवढं लिहितोय.

दाजींचा थर्मोस्टॅट ऐन उन्हाळ्यात बंद स्थितीत अडकला, गाडी तापली. "ही भानगड थंड देशांतल्या गाड्यांसाठी. आपल्याकडं काय बर्फ पडतंय व्हय?" म्हणत मेकॅनिकने तो काढून भंगारात टाकला. दाजींना ते वाक्य फारच पटलं. पुढे काटा पाव भागाच्या वर जाईना, तर मला बोलावून दाखवायचे. हिवाळ्यात मी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढली, ऑइलला पेट्रोलचा वास. ऑइल भरायच्या झाकणाला आतून दुधाळ, तपकिरी चिकटा. हेड गॅस्केट (कूलंट ऑइलमध्ये जाऊ न देणारं इंजिनातलं सील) फुटलं म्हणावं तर कूलंट जागच्या जागी होता. दाजी म्हणाले, "हल्ली पेट्रोलच भेसळीचं येतंय."

भेसळ कसली! इंजिन थंड दिसलं की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. त्यातलं काही वाफ न होता सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन खाली उतरतं. पेट्रोल जळताना होणारी पाण्याची वाफ आत गार होऊन पाणी होते, तेही ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल दाट राहिल्याने घर्षण वाढतं ते वेगळंच. जळणाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा कूलंट तसाही घेऊन जातो, त्याला आणखी कशाला द्यायचं? थंडीत गाडी चांगली पळते कारण आत येणारी हवा थंड आणि दाट असते. हवा थंड हवी, इंजिन 90 अंशांच्या आसपास गरम हवं. दाजी ही दोन्ही एकाच पोत्यात घालतात.

मग मे महिन्यात रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या भरून येताना, साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो आणि तोच काटा लालपर्यंत गेला. एसी बंद केला, इंजिनची उष्णता ओढून घ्यायला हीटर फुल सोडला, काचा खाली. मेच्या उन्हात हीटर! ताईने दाजींना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कारण सोपं होतं. त्या इंजिनात थर्मोस्टॅट गरम झाला की रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून थेट इंजिनात परतायची, वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा, आणि बरंचसं कूलंट रेडिएटरला न जाता गरमच्या गरम इंजिनात परत. सपाटीवर खपून जातं, घाटात नाही.

घरी आल्यावर नवा थर्मोस्टॅट आणला, त्यावर 82 कोरलेलं, म्हणजे 82 अंशांना उघडायला लागणारा. दाजींसमोर चहाच्या पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवला. पाण्याला उकळी फुटायच्या आधीच आतलं मेण फुगून झडप हळूहळू उघडली, गार पाण्यात टाकल्यावर मिटली. दाजी म्हणाले, "पातेल्यात उघडतंय, रस्त्यावर कोण बघतंय?" ताई पातेल्यावरून चिडली ते वेगळं.

तुमच्या गाडीचं म्हणाल तर काटा ट्रॅफिकमध्येच चढतो, हायवेला उतरतो, म्हणजे आधी रेडिएटरचा फॅन, त्याचा रिले (फॅन चालू करणारा विजेचा स्विच) आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा बघा. मग रेडिएटरची कॅप: तिचा रबर गेला की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतो. नुसतं पाणी भरलं असेल तर काढून कूलंट भरा. कॅप गरम असताना उघडू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो, त्यामुळे खरा आकडा ओबीडी रीडरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून माहिती वाचायच्या यंत्रावर) बघा. काही नवीन इंजिनं मुळातच 100 च्या वर चालवायला बनवलेली असतात, तिथे 103 बघून घाबरू नका. थर्मोस्टॅट खरंच अडकला असेल तर त्याच आकड्याचा नवा टाका, सोबत गॅस्केटही नवं. आणि मेकॅनिक बर्फाचं बोलायला लागला तर गॅरेज बदला. दाजींनी अजून बदललेलं नाही. घाटात गाडी तापली ती पेट्यांच्या वजनाने, असं ते आजही लग्नकार्यात सांगतात.