वजन बेताचे असले, तरीही आजार असू शकतो

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगी बेळगावात खोली घेऊन पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. पूर्वी ती अंगाने भरलेली होती. वर्षभरात तिचे वजन झपाट्याने उतरले. सोमवार, शनिवार, संकष्टी असे उपवास तिने आपणहून वाढवले आहेत. मध्येच एखाद्या रात्री ती खूप खाते आणि मग दोन दिवस जेवणाला शिवत नाही. डॉक्टरांनी वजन पाहिले, पाळी नियमित असल्याची खात्री केली आणि काळजीचे कारण नसल्याचे सांगितले. नातेवाईक तर ‘छान बारीक झालीस’ म्हणून कौतुक करतात. मी उगाच घाबरते आहे का?
— एक आई

उत्तर : ताई, तुमची भीती रास्त आहे. तपासल्याशिवाय निदान करणे योग्य ठरणार नाही. परंतु तुम्ही लिहिलेली लक्षणे खाण्याच्या विकारांशी जुळतात आणि वजन सर्वसाधारण असल्यामुळे ती खोडून निघत नाहीत.

अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने उपाशी राहण्याचा आजार, म्हटले की हाडांचा सापळा झालेली मुलगी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात एखादी व्यक्ती मुळात वजनदार असेल आणि उपासमार करून तिने पुष्कळ वजन घटवले असेल, तर तिचा काटा अजूनही ‘योग्य’ आकड्यावर थांबलेला असू शकतो. वजन वाढण्याची धास्ती, स्वतःच्या शरीराविषयीची नावड, जेवण टाळण्याची धडपड हे सारे मात्र तेच असते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत अशा अवस्थेला अटिपिकल अ‍ॅनोरेक्सिया म्हटले आहे आणि ठरलेल्या चौकटीत न बसणाऱ्या विकारांच्या ‘ओसफेड’ या गटात तिचा समावेश केला आहे. या गटात आहे म्हणजे आजार सौम्य आहे, असा समज डॉक्टरांमध्येही आढळतो आणि तो घातक आहे. वजन किती घटले आणि किती वेगाने घटले, यावर हृदयाचे ठोके मंदावणे, उभे राहताच रक्तदाब उतरून भोवळ येणे हे धोके बरेचसे अवलंबून असतात. खाल्लेले ओकून टाकण्याची सवय असेल, तर पोटॅशियम घटून हृदयाची लयही बिघडू शकते.

चौकटी माणसे आखतात आणि माणसेच बदलतात. पाळी सलग तीन वेळा चुकणे ही अ‍ॅनोरेक्सियाच्या निदानाची अट याच पुस्तिकेच्या १९९४ च्या आवृत्तीत होती. २०१३ मध्ये ती काढून टाकण्यात आली. बुलिमिया या खाण्याच्या दुसऱ्या विकाराच्या निदानासाठी आठवड्यातून दोनदा बेसुमार खाणे आणि त्यानंतर उलटी, उपवास यांसारखे उपाय करणे तीन महिने चाललेले असावे लागे, तिथे आता आठवड्यातून एकदा पुरते. म्हणजे ज्या मुलीचा आजार २०१२ मध्ये चौकटीबाहेरचा होता, तो वर्षभरात चौकटीत आला, आणि तिचे दुःख मधल्या काळात तसूभरही बदललेले नव्हते. म्हणून पाळी नियमित आहे एवढ्यावर कोणी निर्धास्त राहू नये.

उपवासांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या घरांमध्ये आजार नेमका तिथेच लपतो. श्रद्धेचा उपवास सोडण्यासाठी असतो. संकष्टीला चंद्रोदयानंतर सगळे पानावर बसतात, तेव्हा तुमची मुलगी काय करते ते पाहा. ती मोकळ्या मनाने जेवते का, की भाकरीचे बारीक तुकडे करून ते ताटाच्या काठाला सारते, आमटी नुसतीच ढवळते आणि सर्वांच्या आधी उठून ताट घासायला घेते? उपवास मोडल्यास तिला देवाचे भय वाटते की वजनाचे, हेही तिच्याशी शांतपणे बोलताना लक्षात येईल. तिच्या अंगाविषयीचे बोलणे, कौतुकाचेसुद्धा, घरात पूर्ण थांबवा. जबरदस्तीने भरपूर खाऊ घालण्याचा प्रयत्न करू नका. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाल्ल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून जीवावर बेतू शकते.

आधीचे वजन, आताचे वजन आणि मधला काळ कागदावर लिहून पुन्हा डॉक्टरांकडे जा. नाडी, बसून व उभे राहून रक्तदाब, ईसीजी आणि रक्तातील क्षार तपासण्याची विनंती करा. मनोविकारतज्ज्ञ बेळगावात आहेत. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्थाही तुम्हाला फार दूर नाही. आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण येते. डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात, मुलगी मराठीत घुटमळते आणि आई दुभाषी होते. आईच्या तोंडून मुलीच्या मनातले पूर्ण बाहेर येत नाही. तिला मराठीत आणि एकटीने बोलता येईल, असा समुपदेशक आग्रहाने मागा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मात्र ती बेशुद्ध पडली, छातीत धडधड होऊ लागली किंवा पाणीही घेईनाशी झाली, तर तडक रुग्णालय गाठा.

प्रश्न : माझे वय ४६. रात्री उठून काहीतरी खाल्ल्याशिवाय पुन्हा झोप लागत नाही आणि सकाळी भूकच नसते. ही नुसती सवय आहे का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९५५ मध्ये या त्रासाचे वर्णन केले. रात्री खाण्याचा हा विकार आज वर सांगितलेल्या ओसफेड गटातच मोडतो आणि त्यावर उपचार आहेत. खाल्लेले सकाळी आठवते का, हे डॉक्टरांना अवश्य सांगा. आठवत नसेल तर तो झोपेचा निराळा विकार असू शकतो आणि झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्यांनीही तसे घडते. मधुमेहाचे औषध चालू असल्यास रात्रीची साखर आधी तपासून घ्या.